पाणी स्वच्छ दिसतंय

आमच्या घरामागे पूल आहे, असं मी पहिल्या वर्षाला वर्गात सांगितलं तेव्हा एकीने विचारलं, “कुठल्या नदीवर?” मराठीत या शब्दाची ही पंचाईत आहे. तरणतलाव म्हणावं तर महापालिकेचा बोर्ड डोळ्यांसमोर येतो आणि जलतरण म्हणावं तर शिट्टी आणि स्पर्धा. आमचा पंचवीस फूट लांब, बारा फूट रुंद आणि सरासरी चार फूट खोल. दोन हात मारले की समोरची भिंत लागते. घरात आम्ही त्याला ‘टाकी’ म्हणतो, गिऱ्हाइकांसमोर ‘पूल’.

वसईत समुद्राच्या बाजूला असे बंगले आता बरेच झालेत. वाडीत केळी परवडेनाशी झाली, मुलं नोकरीला लागली, मग जुन्या घराला दोन खोल्या वाढवायच्या, मागे टाकी खणायची आणि शनिवार-रविवार मुंबईकरांना भाड्याने द्यायचं. पप्पांनीही तेच केलं. माझ्या कॉलेजची फी त्यातूनच जाते, तेव्हा या धंद्याला नाकं मुरडण्याचा मला अधिकार नाही.

टाकीत साधारण चौतीस हजार लिटर पाणी मावतं. हा आकडा मला पाठ आहे, कारण औषधाचं प्रत्येक माप त्याच्यावरून निघतं. आधी आठवड्यातून एकदा एक काका यायचे, तरंगत्या डब्यात क्लोरीनच्या पांढऱ्या गोळ्या भरायचे, जाळीने पानं काढायचे आणि जायचे. त्यांनी काम सोडल्यावर ते माझ्याकडे आलं. साहित्याची विद्यार्थिनी म्हणून नव्हे, घरात सकाळी लवकर उठणारी मी एकटीच म्हणून.

काम तसं पाच मिनिटांचं आहे. जिथून फिल्टरचं पाणी परत येतं त्या तोंडापासून लांब उभं राहायचं, कोपरापर्यंत हात बुडवायचा आणि खालून बाटली भरायची. वरच्या थराचं पाणी घ्यायचं नाही, तिथे उन्हाने आणि सनस्क्रीनच्या तेलाने वेगळंच काहीतरी चाललेलं असतं. मग नळ्यांमध्ये पाणी घेऊन थेंब किंवा गोळ्या टाकायच्या आणि रंग जुळवायचा.

पहिला रंग सामूचा. पीएचला मराठीत सामू म्हणतात हे मला कुठल्याही भाषेच्या तासाला कळलं नाही, पप्पांकडून कळलं. वाडीच्या माती परीक्षणाच्या अहवालात तो शब्द छापलेला असतो. शेतकऱ्यांच्या तोंडी तो सहज असतो आणि आपण कॉलेजातले लोक मात्र ‘पीएच’ म्हणतो. ही मोजपट्टी १९०९ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेन्सन या रसायनशास्त्रज्ञाने मांडली. ती प्रयोगशाळा बिअरच्या कारखान्याची. हे पप्पांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “बघ, मी तुझ्या आईला कधीचा सांगतोय, बिअर वाईट नसते.”

सामू इतका महत्त्वाचा का, ते मला समजायला वेळ लागला. पाण्यात टाकलेला क्लोरीन दोन रूपांत राहतो. एक रूप जंतू झपाट्याने मारतं, दुसरं त्यामानाने फारच आळशी. कुठलं रूप किती, हे सामू ठरवतो. साडेसातला दोन्ही साधारण निम्मे-निम्मे. सामू आठवर गेला की कामाचं रूप जेमतेम चौथा हिस्सा उरतं. म्हणजे क्लोरीन तितकाच, पैसे तितकेच, पण कामाला निम्मीच माणसं. म्हणून तो ७.२ ते ७.६ च्या आसपास ठेवायचा. आमच्या विहिरीचं पाणी जड. भांड्यांवर पांढरे थर धरतात, तेच क्षार टाकीत येऊन सामू वर ढकलत राहतात. त्याला खाली आणायला ॲसिड. पाण्यात ॲसिड ओतायचं, ॲसिडमध्ये पाणी कधीच नाही. आणि ॲसिड व क्लोरीनची औषधं एकाच शेडमध्येसुद्धा शेजारी ठेवायची नाहीत. ती एकत्र आली तर विषारी वायू निघतो.

पाणी कमी क्षारांचं असतं तर उलटा त्रास झाला असता. अशा पाण्याला तहान असते, ते टाइलांमधलं सिमेंट खाऊन आपली तहान भागवतं. पाणी खाणारं की थर धरणारं, हे गणिताने काढायची रीत लँगेलियर या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या प्राध्यापकाने १९३६ मध्ये दिली. ती शहराच्या नळांसाठी होती, पुढे पूलवाल्यांनी उचलली. ते गणित मी महिन्यातून एकदाच करते, कारण कंटाळा येतो.

आता क्लोरीन. इथे मला जरा थांबायचं आहे.

वसईत ज्यांचं लहानपण विहिरीवर गेलं त्यांना ‘टीसीएल’ हा शब्द माहीत असतो. पावसाळ्याच्या तोंडाला ग्रामपंचायतीचा माणूस विहिरीत टीसीएल पावडर टाकून जायचा, मग आरोग्यवाले येऊन ‘ओटी टेस्ट’ करायचे. नळीत पाणी, दोन थेंब औषध, पिवळा रंग आला की झालं. ओटी म्हणजे ऑर्थोटोलिडिन. आमच्या टाकीची जुनी स्वस्त पेटीही त्याचीच होती. पिवळं झालं की पप्पा अंगठा वर करायचे.

पण त्या पिवळ्या रंगाची एक गोम आहे. क्लोरीन पाण्यात गेल्यावर मोकळा राहतो तोवर तो कामाचा. माणसांचा घाम, लघवी, अंगावरचं तेल यांतल्या नायट्रोजनशी त्याची गाठ पडली की तो बांधला जातो. बांधलेला क्लोरीन जंतूंवर फारसा चालत नाही, डोळे मात्र चुरचुरवतो. आणि पूलचा म्हणून जो वास आपण ओळखतो, तो बहुतेक या बांधलेल्या क्लोरीनचा असतो. चांगल्या राखलेल्या पूलला जवळजवळ वासच येत नाही. ओटीचा पिवळा रंग हे दोन्ही एकत्र दाखवतो. बांधलेला जरा उशिरा रंग धरतो एवढाच फरक, आणि तेवढा नेम धरून बघत कोण बसतं? वेगवेगळं मोजायचं तर डीपीडीच्या गोळ्या लागतात. पहिली गोळी टाकली की मोकळ्याचा गुलाबी रंग, त्याच नळीत तिसऱ्या नंबरची गोळी टाकली की एकूण. वजाबाकी केली की बांधलेला. ‘फ्री’ आणि ‘कम्बाइन्ड’ला मोकळा आणि बांधलेला हे शब्द माझेच, कुणा कोशकाराला आवडले तर घ्यावेत. ऑर्थोटोलिडिन हे रसायन माणसाला चांगलं नाही, म्हणून पुष्कळ ठिकाणी ते मागे पडलं आहे. मीही मागच्या वर्षी डीपीडीची पेटी आणली. पप्पांच्या मते उधळपट्टी.

मे महिन्यात परीक्षा संपल्यावर हॉस्टेलवरची एक मैत्रीण आमच्याकडे राहायला आली. ती डहीची. डही मध्य प्रदेशात, धार जिल्ह्यात, कुक्षीच्याही पलीकडे. घराणं मूळचं धारचं. पवारांच्या काळात जी मराठी कुटुंबं तिकडे गेली त्यांतलं, आणि वडील शिक्षक म्हणून डहीला स्थिरावलेले. तिची मराठी माझ्याहून जुनी आणि शुद्ध आहे, मधूनच एखादा हिंदी शब्द येतो इतकंच. ती आली त्या शनिवारी आमच्याकडे एक मोठं बुकिंग होतं. बोरिवलीचं कुटुंब, मुलाची फर्स्ट होली कम्युनियन, पंचवीसेक लहान मुलं. आगाऊ पैसे आलेले, आणि त्यातले काही मोटर दुरुस्तीत गेलेलेही.

शुक्रवारी संध्याकाळी मी पाणी तपासलं. मोकळा ०.५, एकूण २.५. म्हणजे दोन बांधलेला. सामू ८. त्या आधीच्या आठवड्यात लागोपाठ तीन पार्ट्या झाल्या होत्या.

पप्पा बाजूला उभे होते. म्हणाले, “पाणी बघ, आरसा आहे. खालच्या टाइला मोजून दाखवू?” खरंच मोजता येत होत्या. “आणि वास येतोय ना? मग औषध आहे की.”

मी म्हटलं, “वास येतोय म्हणूनच नाही सोडता येणार.”

“पंचवीस पोरं आहेत. त्यांना काय सांगू, माझ्या मुलीला रंग आवडला नाही?”

पप्पांची बाजू खोटी नव्हती. फिल्टर चालू होता, पाणी नितळ होतं, आजवर कुणी आजारी पडलं नव्हतं. निदान कुणी तसा फोन केला नव्हता. पण नितळपणा फिल्टर देतो आणि जंतू फिल्टरला दाद देत नाहीत. लहान मुलं पाण्यात खेळतात तेव्हा ते पितातही, आणि पंचवीसातल्या दोघातिघांनी पाण्यातच लघवी केली तर अर्धा मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन दहा मिनिटांत संपणार. त्यानंतर दिवसभर पोरं नुसत्या नितळ पाण्यात.

मैत्रीण पायरीवर बसून ऐकत होती. ती म्हणाली, “काका, आमच्याकडच्या हँडपंपांचं पाणीसुद्धा असंच काचेसारखं असतं. गोड लागतं. त्याला वासही नसतो.”

धार आणि झाबुआ या जिल्ह्यांतल्या कितीतरी गावांच्या भूजलात फ्लोराइड आहे. खडकातूनच येतं. ते दिसत नाही, लागत नाही, उकळून जात नाही. उलट पाणी आटलं की प्रमाण वाढतं. पिण्याच्या पाण्यात एका लिटरला एक मिलिग्रॅमपर्यंत ठीक, दुसरी सोयच नसेल तर दीडपर्यंत, असं आपलं भारतीय मानक सांगतं. त्याहून जास्त पाणी वर्षानुवर्षं पोटात गेलं की मुलांच्या दातांवर तपकिरी पट्टे येतात आणि पुढे हाडं वाकतात. तिच्या वडिलांच्या वर्गात असे दात असलेली मुलं आहेत. “फोटो काढताना ओठ मिटून हसतात,” ती म्हणाली. तपासणीत सापडलेल्या पंपाला लाल रंग देतात. “पण लाल रंग दिला तरी लोक तिथूनच भरतात, काका. दुसरा पंप लांब असतो.”

तिने हा टोमणा म्हणून मारला नव्हता. तिला फक्त ‘स्वच्छ दिसतंय’ या शब्दांबद्दल बोलायचं होतं. पण मला त्या रात्री बराच वेळ एक गोष्ट खुपत राहिली. तिथे एक आणि दीड मिलिग्रॅमची गोष्ट आहे, इथेही एक आणि तीन मिलिग्रॅमची. माप तेच, लिटरही तोच. फक्त आमची टाकी दोन दिवस बंद ठेवता येते.

पप्पा काही न बोलता आत गेले. थोड्या वेळाने त्यांचा फोनवरचा आवाज आला. पूल मिळणार नाही, बाकी सगळं मिळेल, पैसे कमी करतो. पलीकडून बराच आरडाओरडा झाला असावा, कारण पप्पा मध्ये बराच वेळ नुसतं “हो, हो, बरोबर आहे तुमचं” म्हणत होते. बाहेर येऊन ते माझ्याशी बोलले नाहीत. मम्मीला म्हणाले, “उद्या वाडीच्या पंपाला मोठा पाइप लावायचा आहे.”

बांधलेला क्लोरीन तोडायला उलट जास्त क्लोरीन लागतो, हे ऐकायला विचित्र वाटतं. बांधलेल्याच्या दहापट मोकळा द्यावा लागतो, अर्धवट दिला तर वास आणखी वाढतो. दोनची दहापट वीस. चौतीस हजार लिटरला वीस मिलिग्रॅम म्हणजे ६८० ग्रॅम क्लोरीन, म्हणजे दहा टक्क्यांच्या सोडियम हायपोचे जवळजवळ सात लिटर. आधी ॲसिडने सामू उतरवला, फिल्टर फिरत ठेवला, दोन तास गेल्यावर अंधार पडता पडता हायपो ओतलं. दिवसा ओतलं असतं तर उन्हाने बराचसा खाल्ला असता. मैत्रीण टॉर्च धरून उभी होती. टाकीवर काही झाकायचं नाही, कारण सुटलेला वायू जायला वाट हवी.

शनिवारी पोरं आली. पप्पांनी वाडीत पंपाचं पाणी सोडलं, त्याखाली ती दुपारभर चिखलात लोळली. मोठ्यांची तोंडं वाकडीच होती. त्यातल्या एका काकांनी टाकीजवळ येऊन मला विचारलंच, “पाणी तर एकदम क्लीन आहे, मग प्रॉब्लेम काय?” मी त्यांना नळीत पाणी घेऊन गोळी टाकून दाखवली. पाणी क्षणभर गुलाबी झालं आणि रंग उडून गेला. ते म्हणाले, “क्लोरीन नाहीच यात!” खरं तर इतका होता की त्याने रंगालाच पांढरं केलं. जास्त क्लोरीनला डीपीडी शून्य दाखवतं, अशा वेळी नमुन्यात शुद्ध पाणी घालून पातळ करून मोजावं लागतं. डोळ्यांवर विश्वास नको म्हणून रंग बघायचा, तर रंगही असा फसवतो. काकांना ते पटलं की नाही, माहीत नाही. त्यांनी जेवायला मात्र दोनदा सुकटीची चटणी मागून घेतली.

क्लोरीन इतका दुबळा का झाला होता, तेही तेव्हाच शोधलं. त्या तरंगत्या डब्यातल्या गोळ्यांमध्ये क्लोरीनबरोबर सायन्युरिक ॲसिड असतं. ते क्लोरीनला उन्हापासून वाचवतं. तीस ते पन्नासपर्यंत असलं की छान. पण ते उडत नाही, आटत नाही, गोळीगणिक साठत जातं, आणि जास्त झालं की क्लोरीनला आपल्याजवळच धरून ठेवतं. त्याची परीक्षा गमतीची आहे. औषध टाकलं की पाणी दुधट होतं, ते नळीत हळूहळू ओतायचं आणि तळाचा काळा ठिपका दिसेनासा झाला की थांबायचं. आमचा ठिपका शंभराच्या खुणेलाच गायब झाला. त्यावर औषध नाही. पाणी काढून टाकायचं आणि नवीन भरायचं, एवढंच.

मे महिन्यात, वसईत, सतरा हजार लिटर. इथे आजी मध्ये पडली. आजीची पाण्याची परीक्षा वेगळी आहे. विहिरीत मासे जिवंत असले की पाणी चांगलं, बावखलात बेडूक ओरडले की पाऊस पुरेल. ज्या पाण्यात मासा मरतो त्यात पोरांना सोडायचं, हे तिला अजून पटलेलं नाही, आणि क्लोरीनच्या पाण्यात मासा मरतो हे खरंच आहे. तिने टँकरचे दिवस पाहिलेत. वसईच्या विहिरींचं पाणी उपसून बाहेर नेलं जायचं आणि विहिरी खारट व्हायला लागल्या होत्या. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समितीच्या मोर्च्यांना ती गेली होती. दिब्रिटोंना आपण २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून ओळखतो, आजीच्या लेखी ते विहिरी वाचवणारे फादर. ती म्हणाली, “जूनपर्यंत थांबा. देव फुकट भरून देईल.”

मग तसंच ठरलं. गोळ्या बंद, रोज संध्याकाळी मोजून हायपो, आणि पार्टीला पंधरापेक्षा जास्त माणसं पाण्यात नाहीत. निम्मं पाणी पाऊस सुरू झाल्यावर काढायचं. काढण्याआधी उन्हात ठेवून क्लोरीन शून्यावर आणायचा, मग ते नारळांना. सोमवारी संध्याकाळी मोकळा ३, बांधलेला ०.२, सामू ७.४ आला. वहीत तारीख, पार्टी, आगाऊ रक्कम असे पप्पांचे तीन रकाने होते. त्यांनी पट्टीने आणखी तीन आखले आणि आकडे स्वतः लिहिले. माझ्याशी तेव्हाही फारसं बोलले नाहीत.

मैत्रीण डहीला गेल्यावर तिचा मेसेज आला. तुमच्या पेटीत फ्लोराइडची बाटली असते का? नसते. त्याचं औषध वेगळं, झिर्कोनियमचं, त्यात फ्लोराइड असलं की गुलाबीचं पिवळं होत जातं. शोधताना मला आणखी एक गोष्ट सापडली. फ्लोराइड काढायची एक जुनी देशी रीत नागपूरच्या नीरी संस्थेने शोधली आहे, तिला नलगोंडा पद्धत म्हणतात. तिला लागतात तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर. आमच्या शेडमध्ये या तिन्ही गोष्टी पडलेल्या आहेत. पाणी गढूळलं की तुरटी, टाकीच्या कडेला चुना आणि जुनं अर्धं पोतं टीसीएल. हे मी तिला उत्साहाने कळवलं. तिचं उत्तर आलं, “रोज कोण मोजून घालणार? पंपाला मालक नसतो गं.” ते बरोबर होतं. प्रत्येक पाण्याला तुरटीचं माप वेगळं लागतं, आणि खाली बसलेला गाळ रोज टाकावा लागतो.

शाळा उघडल्यावर तिचे वडील मुलांकडून आपापल्या पाड्यावरच्या पंपांचं पाणी मागवून तपासायला धारला पाठवणार आहेत. काचेच्या बाटल्या नकोत, फ्लोराइड काचेशीही भांडतं, प्लास्टिकच्या घ्या, एवढं मी सांगितलं. तिने विचारलं, बाटलीवर काय काय लिहायचं? मी पप्पांच्या वहीच्या पानाचा फोटो काढून पाठवला. आगाऊ रकमेचा रकाना बोटाने झाकून.